दोन डॅक आणि कुनिएबाईंचं ‘छान’

आळीत घरोघर फिरणारी सूचनांची फाइल शेजारी पोचवायला गेलेल्या कुनिएबाई तासाभरानं परत आल्या आणि दारात बूट काढता काढता म्हणाल्या, "मोरिवाकींकडं काय छान गाणं लागलं होतं हो."

त्यांचे यजमान कुरामोची तेव्हा आपल्या डॅकवरची धूळ मऊ ब्रशानं झटकत होते. ब्रश हवेतच थांबला.

हा डॅक म्हणजे तबकडीवरच्या आकड्यांचं गाणं करणारी पेटी. माणसं ती घेतात, एकदा जोडतात आणि विसरून जातात. कुरामोचींचं तसं नव्हतं. त्यांचा डॅक जुन्या जमान्यातला, सोळा बिटांचा, उचलताना कंबर धरावी असा जड. आतली चिप ज्यांनी बनवली त्यांचा तो कारखानाही आता बंद पडलाय, हे ते आल्यागेल्याला चहा येण्याआधीच सांगायचे. तापल्याशिवाय तो नीट गात नाही म्हणून ते त्याला कधी बंदच करत नसत. निवृत्त झाले तेव्हा घड्याळाच्या कारखान्यानं त्यांना निरोप समारंभात छानसं घड्याळ दिलं. ते अजून खोक्यात आहे. डॅकला मात्र स्वतंत्र खोली, खोलीत एकच खुर्ची, आणि खुर्चीच्या चार पायांना जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. आवाज तिथंच बरोबर जुळतो म्हणे.

तर अशा माणसाच्या बायकोनं छत्तीस वर्षांत त्यांच्या आवाजाला एकदाही छान म्हटलेलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं म्हणा. "हो, ऐकू येतंय" एवढंच म्हणायची. आणि आज शेजाऱ्याकडं एक कप चहा पिऊन आली तर दारातूनच छान.

"काय छान होतं?" कुरामोचींनी विचारलं.

"गाणं हो."

"गाणं नाही विचारत मी. आवाज कसा होता? खालचे सूर भरलेले होते का?"

"असतील."

"आवाज कुठून येत होता? मधून की बाजूनं?"

कुनिएबाईंनी जरा विचार केला. "स्वयंपाकघराच्या बाजूनं."

"स्वयंपाकघरापर्यंत," कुरामोची पुटपुटले. "एवढा रुंद."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की मोरिवाकींनी गेल्याच महिन्यात नवा डॅक घेतलाय. जेवणाच्या डब्याएवढा, चपटा, पुढं निळे आकडे चमकणारा. कुरामोचींनी त्याला तोंडभर नावं ठेवली होती. खेळणं आहे म्हणाले, असल्या डब्यातून गाणं येत नाही, गाण्याचा एक्स-रे येतो म्हणाले. आता त्या खेळण्यानं त्यांच्याच बायकोकडून छान वसूल केलं होतं. माणसाच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन ते मोरिवाकींच्या दारात उभे. मोरिवाकी म्हणजे आमच्या ओकाया गावचे निवृत्त पोस्टमास्तर. इतका सभ्य माणूस की रस्त्यात खांबाला धक्का लागला तर खांबाची माफी मागेल. त्यांनी कुरामोचींना वरच्या मजल्यावर नेलं, खुर्चीत बसवलं आणि नवा डॅक लावला.

वाजला तो. स्वच्छ वाजला. व्हायोलिनवाल्याच्या बोटांची सरक ऐकू आली, मागं कुणीतरी पान उलटलं तेही ऐकू आलं. कुरामोचींचा आतून नुसता जळफळाट झाला. पण आमच्याकडं आतलं बाहेर दिसू देत नाहीत. ते मान डोलावून म्हणाले, "वा. आमच्या म्हाताऱ्या डब्याला हे सात जन्मांत जमायचं नाही."

"छे, छे," मोरिवाकी कानापर्यंत लाल झाले. "तुमच्या यंत्राची ऊब याला कुठली? हे आपलं नुसतं धुतलेलं कापड. मला तर तुमचा हेवाच वाटतो."

"मलाच तुमचा वाटतो हो."

"तुमचं मन मोठं. मग असं करा, घेऊन जा तुम्ही हा. महिनाभर ऐका."

"नाही, नाही, भलतंच."

"घ्याच."

"कसं घेणार मी?"

"माझ्यासाठी घ्या."

झालं. आमच्याकडं दोनदा नाही म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर समोरचा दुखावतो. कुरामोचींनी दोनदाच म्हटलं, तोवर मोरिवाकींनी तारा काढून डॅक रेशमी रुमालात बांधलासुद्धा. शेजाऱ्याची वस्तू उगाच उचलून नेतोय असं वाटू नये म्हणून परतीचं काहीतरी द्यायलाच हवं, आणि या वस्तूच्या तोडीचं कुरामोचींच्या घरात एकच होतं. त्यांना ते जिन्यातच कळलं. जिना उतरता उतरता त्यांच्या तोंडून शब्द गेले, "मग तोवर माझा तुमच्याकडं असू दे."

मनातल्या मनात ते म्हणत होते, दोनदा नाही म्हणेल, मग मी सोडून देईन. मोरिवाकी दोनदा नाही म्हणाले. मग म्हणाले, "आता तुम्ही एवढं म्हणताय तर."

घरी येऊन कुरामोचींनी वर्षानुवर्षं न थांबलेल्या आपल्या डॅकचं बटण बंद केलं. दिवा विझला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मग तो कापडात बांधून, कंबर धरत धरत शेजारी पोचवून आले.

पण त्यांनी मनात मांडे खाल्ले होतेच. ज्या डब्यानं छान मिळवलं तो आता आपल्या घरात आहे, तर छानही आपल्याच घरात मिळणार. त्यांनी तो जोडला आणि हाक मारली, "अगं, ये इकडं. ऐकायला ये."

आता या घरातली ऐकायची रीत सांगायला हवी. फ्रिजच्या मोटरमुळं वीज घाण होते, अशी कुरामोचींची पक्की समजूत. भाताच्या कुकरमुळं होते, संडासाच्या गरम बैठकीमुळं होते, आणि सगळ्यात जास्त कोटात्सूमुळं होते. म्हणजे त्या ठेंगण्या टेबलाखालच्या शेगडीमुळं, जिच्यावरच्या गोधडीत पाय घालून आम्ही सगळे हिवाळा काढतो. म्हणून गाणं लावण्याआधी ते मोरीशेजारच्या पेटीतले गाण्याच्या खोलीचा सोडून बाकी सगळे ब्रेकर खाली पाडायचे. दिवेसुद्धा. विणकाम आणायचं नाही, सुया वाजतात. संत्रं सोलायचं नाही. बोलायचं तर नाहीच.

कुनिएबाई ओव्हरकोट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून अंधारात खुर्चीच्या मागच्या उशीवर येऊन बसल्या. तळ्यावर बर्फ धरायला लागलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट आहे ही. गाणं संपलं.

"कसं वाटलं?" कुरामोचींनी मान न वळवता विचारलं.

"हो, ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणजे?"

"म्हणजे स्पष्ट ऐकू आलं." आणि त्या शिंकल्या.

दुसऱ्या दिवशी त्या हारुयोबाईंना, म्हणजे मोरिवाकींच्या बायकोला लोणचं द्यायला गेल्या आणि दिवेलागणीला परतल्या. "आज तर इतकं छान लागलं होतं त्यांच्याकडं," त्या म्हणाल्या, "उठवेचना."

कुरामोचींनी नव्या डब्याचं बटण बंद केलं. कारण आता तिथं होता तो त्यांचाच डॅक. त्यांचा स्वतःचा. जो इथं इतकी वर्षं गायला आणि एक छान कमवू शकला नाही, तो शेजारी जाऊन एका दिवसात मिळवतोय. नव्या डब्याचा हेवा त्यांना कसाबसा गिळता आला असता. पण स्वतःच्याच यंत्राचा हेवा कुठं ठेवायचा? आपली म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात जास्त दूध देत्येय हे कळल्यावर माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं. मी समोरच्याच घरात राहते. मी दारातलं बर्फ उपसत होते, तर हा माणूस मोरिवाकींच्या भिंतीला कान लावून उभा. डोळे मिटलेले, टोपीवर बर्फ.

"काही हरवलं का कुरामोचीसान?" मी विचारलं.

"मांजर," ते म्हणाले.

"तुमच्याकडं मांजर कुठाय?"

"म्हणूनच शोधतोय."

मी फावडं घेऊन घरात गेले आणि खिडकीतून पुढचं पाहिलं.

भिंतीतून त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण घरी जाऊन त्यांनी निष्कर्ष काढला की दोष विजेचाच आहे. मोरिवाकींकडची वीज स्वच्छ, आपली अजून घाण. मग ते ब्रेकरच्या पेटीसमोर टॉर्च घेऊन बसले. आतापर्यंत गाण्यापुरते ब्रेकर पाडत होते, आता गाण्याच्या आधी दोन तास पाडायला लागले. वीज निवळू दे म्हणाले. भात अर्धाकच्चा राहायला लागला. अंघोळीचं पाणी कोमट. संडासात बसणं म्हणजे तळ्यावर बसणं.

कुनिएबाई भांडल्या नाहीत. त्यांनी विणकामाची पिशवी उचलली आणि शेजारी जाऊन बसायला लागल्या. जेवढा वेळ इथं वीज बंद, तेवढा वेळ तिथं. आणि येताना रोज तेच, "आज पण छान होतं." ते ऐकलं की कुरामोचींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी ब्रेकर अजून लवकर खाली यायचे. त्या अजून लवकर शेजारी जायच्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्या शहाण्या माणसाच्या डोक्यात येईना.

"त्यांनी तारा कुठल्या लावल्यात, बघितलंस?" ते विचारायचे.

"नाही बाई."

"खुर्ची कुठं ठेवलीय?"

"खुर्ची नाही. आम्ही खालीच बसतो."

"खाली," कुरामोची म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची काढून जमिनीवर बसून बघायचे.

मग कडाक्याची थंडी आली. आमच्याकडं हिवाळ्यात नळाच्या पाइपांना गरम तारेची पट्टी गुंडाळलेली असते. ती विजेवर चालते आणि पाइप गोठू देत नाही. लहान पोरालाही ठाऊक असतं की तिचं बटण मार्च संपेपर्यंत बंद करायचं नाही. कुरामोचींनाही ठाऊक होतं. पण ती पट्टी कुठल्या ब्रेकरवर आहे हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दुपारीच सगळे पाडले आणि संध्याकाळपर्यंत एकट्यानं, काखेत पंजे खुपसून, नव्या डब्यावर तेच एक व्हायोलिन ऐकत बसले. उठून चहाला पाणी घ्यायला नळ सोडला तर नळ नुसता खोकला.

थोड्या वेळानं मोरीमागं पाइप तडकल्याचा आवाज आला. तो मात्र अगदी स्वच्छ आला.

नळवाल्याला फोन केला. तो म्हणाला, गावातले अर्धे नळ आजच गोठलेत, परवा येतो. घरात पाणी नाही, भात नाही, चहा नाही. कुनिएबाई शेजारून आल्या, मोरीचा दरवाजा उघडून बघितला आणि परत बूट घातले.

"कुठं निघालीस?"

"हारुयोसानकडं. अंघोळ तिथंच करते. तुम्हालाही बोलावलंय."

"मी नाही येत."

"मग बसा," कुनिएबाई म्हणाल्या. "वीज तरी स्वच्छ मिळेल."

कुरामोची तेवढ्यावर टॉवेल घेऊन निघाले.

मोरिवाकींकडच्या गरम पाण्यात मानेपर्यंत बसल्यावर त्यांचे पंजे परत त्यांचे झाले. बाहेर आले तर कोटात्सूभोवती सगळे बसलेले, गोधडीवर संत्र्यांची टोपली, चहाची वाफ. त्यांनी पाय आत घातले. ऊब गुडघ्यापर्यंत चढली. आणि तेवढ्यात सरकत्या दारापलीकडून गाणं सुरू झालं. कुणी बाई, जुन्या वळणाचं, नावेबद्दल काहीतरी गात होती.

कुरामोचींनी डोळे मिटले. संत्र्याची फोड तोंडात तशीच राहिली.

"वा," ते म्हणाले. "छान."

कुनिएबाईंच्या सुया थांबल्या. मोरिवाकी गडबडीनं म्हणाले, "कुरामोचीसान, ते म्हणजे..."

"काही सांगू नका. हजारात ओळखेन मी. माझंच आहे ते." त्यांनी दाराकडं बोट केलं. "बघा, तिचा श्वास ऐकलात? तो नव्या डब्यात येणार नाही. सोळाच बिट आहेत, पण त्यात माणूस आहे हो. माझ्या घरी असा कधी गायला नाही तो. खोटं कशाला बोलू, गेला महिनाभर मी जळतोय तुमच्यावर. काय केलंत तुम्ही त्याला? कुठल्या तारा लावल्यात?"

मोरिवाकी लाल झाले, मग पांढरे झाले. पाहुण्याला खोटं पाडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "तारा... तशा म्हटल्या तर साध्याच," ते म्हणाले.

गाणं संपलं. दारापलीकडं दुसरीच एक बाई खाकरली आणि म्हणाली, "आता हवामान. आज रात्री सुवा तळ्याच्या परिसरात पारा शून्याच्या खूप खाली जाईल. नळांच्या गरम पट्ट्या चालू असल्याची श्रोत्यांनी खात्री करून घ्यावी."

कुरामोचींनी डोळे उघडले.

"डॅकवर हवामान येत नाही," कुरामोची म्हणाले.

"माझा स्वयंपाकघरातला रेडिओ आहे तो," हारुयोबाई म्हणाल्या. "हे वर बसतात, मी खाली. लग्नापासून आमचं असंच आहे. भांडी घासताना लागतो मला."

"आणि माझा डॅक?"

मोरिवाकींनी त्यांना वर नेलं. भिंतीतल्या कोनाड्यात, जिथं लोक फुलदाणी ठेवतात तिथं, जाड उशीवर कुरामोचींचा डॅक बसलेला होता. अजून त्याच कापडात, कुरामोचींनीच बांधलेली गाठ तशीच.

"तुमची एवढी मोलाची वस्तू," मोरिवाकी मान खाली घालून म्हणाले. "माझ्या हातून काही झालं असतं तर मी तोंड कसं दाखवलं असतं? रोज सकाळी वरून पुसतो फक्त."

"म्हणजे महिनाभर तुम्ही काहीच ऐकलं नाही?"

"हिचा रेडिओ ऐकतो. माझा डॅक तुमच्याकडं ना." मग ते म्हणाले, "संध्याकाळी तुमच्याकडचे सगळे दिवे जायचे. मी खिडकीतून बघायचो. वाटायचं, हा माणूस आता काय ऐकत असेल. मला फार हेवा वाटायचा हो. मी पण ब्रेकर पाडणार होतो. पण हिनं सांगितलं, माझ्या रेडिओला हात लावाल तर याद राखा."

घरी जाताना रस्त्यात कुरामोची जपून पावलं टाकत होते. डॅक छातीशी धरलेला. दारापाशी ते म्हणाले, "रेडिओ आहे हे सांगायचं नाही का तू?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" कुनिएबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत तारा कुठल्या, खुर्ची कुठं. तिथं पाय गरम राहतात, हात चालतात, बोललं तरी कुणी डोळे वटारत नाही. मग लागलेलं गाणं छानच लागतं. एवढं साधं आहे ते."

पाइप बदलला. नवा डबा मोरिवाकींकडं परत गेला, त्याच्याबरोबर परतीची बिस्किटं गेली. आणि एका संध्याकाळी कुरामोचींनी कोटात्सू उचलून गाण्याच्या खोलीत आणला. चिकटपट्टीच्या खुणांवरच बसवला. ब्रेकरच्या पेटीकडं गेले, तिच्यासमोर उभे राहिले आणि हात न लावता परत आले.

"अगं, ये," त्यांनी हाक मारली. "विणकाम घेऊन ये."

त्यांनी डॅक लावला. आता फ्रिज घुमत होता, तो गाण्यात ऐकू येत होता. शेगडी टिकटिकत होती. सुया वाजत होत्या. मग संत्रं सोलल्याचा आवाज आला. कुरामोचींनी दात आवळले, पण डोळे वटारले नाहीत. गोधडीखाली त्यांच्या पायाला कुनिएबाईंचे पाय लागले, गरम होते. ते समोर बघत राहिले आणि वाट बघत राहिले. छत्तीस वर्षं बघितली होती, अजून एक गाणं काय.

गाणं संपत आलं तेव्हा कुनिएबाईंनी सुया खाली ठेवल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

कुरामोचींनी मान वळवली. "काय?"

"हे संत्रं. घ्या ना, फार गोड आहे." त्यांनी एक फोड त्यांच्या तळहातावर ठेवली.

कुरामोची त्या फोडीकडं बघत राहिले. "कुठल्या दुकानातलं?"

"दुकानातलं कुठलं? मोरिवाकींनी दिलीत."

कुरामोचींनी फोड खाली ठेवली. थोड्या वेळानं उचलली आणि तोंडात टाकली. ती खरंच छान होती.